स्वतःच्या रक्तावर काम करू नये

मंगळवार, ४ मार्च

आले एकदाची! खोली मिळाली, किल्ली मिळाली, प्रयोगशाळेत टेबल मिळालं आणि टेबलावर माझ्या एकटीच्या हक्काचा मायक्रोस्कोप. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मायक्रोस्कोपपुढे रांग लावली. आता कुणी येऊन उठ म्हणालं तर मी खुर्चीसकट फेकून देईन.

खोली संस्थेच्याच आवारात, मागच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर आहे. कपाटाचं एक दार लागत नाही आणि दुसरं उघडत नाही. न्हाणीघरातला नळ बंद केला की थोडा वेळ विचार करतो, मग बंद होतो. खिडकीतून फाटकापर्यंतचा रस्ता सरळ दिसतो. मला खोली आवडली.

सामान लावत होते तेवढ्यात ताईचा फोन. ताई म्हणजे माझी जुळी बहीण. माझ्या काही मिनिटं आधी जगात आली आणि तेवढ्या जोरावर जन्मभर ताई म्हणवून घेते. मी अजूनही ‘बारके’. दिसायला आम्ही इतक्या सारख्या की आईनं लहानपणी एकीलाच दोनदा न्हाऊ घातलं आणि दुसरी तशीच राहिली, असं घरात अजून सांगतात. ताईचं शिवणकामाचं दुकान आहे. सुया टोचून टोचून तिच्या बोटांच्या टोकांची चाळण झालीय. अंगुस्तान घाल म्हटलं तर म्हणते, त्यानं कापड कळत नाही.

तिनं विचारलं, तिथे नक्की करणार काय तू? मी म्हटलं, सुजेवर काम. लागलं की लाल होतं, तापतं, सुजतं, ठणकतं, ते का आणि ते ओसरतं कसं. त्यावर ती म्हणाली की ते तर तिच्या बोटांवर रोजच असतं, दुकानात बसूनच बघितलं असतंस, एवढी लांब कशाला कडमडलीस. हसून हसून पोट दुखलं.

बुधवार, ५ मार्च

आमच्या प्रमुख म्हणजे मोठ्या बाई. चणीनं माझ्या खांद्याला लागतील, पण बोलायला लागल्या की आपणच लहान वाटतो. डॉक्टर आहेत, आणि निम्मं आयुष्य एका पेशीपायी घालवलंय : न्यूट्रोफिल. रक्तातल्या पांढऱ्या पेशींतली ही सगळ्यात उतावळी जात. कुठे खरचटलं की वास काढत पहिली धावून जाते, जंतू खाते, आणि खाता खाता मरते. पू म्हणजे दुसरं काय, तर मेलेल्या न्यूट्रोफिलांचा ढीग. फार तर दिवसभर जगतात बिचाऱ्या.

जगत नाहीत म्हणूनच आमची पंचाईत. साठवता येत नाहीत, रोज ताज्या लागतात. म्हणून इथली पद्धत अशी की प्रयोगशाळेतल्यांनी पाळीपाळीनं सकाळी रक्त द्यायचं. रक्त काढायला एक काका येतात. बोलण्यात गुंतवून सुई कधी घालतात ते कळत नाही. नळीवर नाव लिहीत नाहीत, प्रत्येकाच्या रंगाची चिकटपट्टी लावतात. माझा रंग पिवळा.

आणि एकच कडक नियम : स्वतःच्या रक्तावर काम करायचं नाही. मला ‘का’ विचारायची खोड, त्यामुळे विचारलंच. बाई म्हणाल्या की दुसऱ्या कुणाच्या पेशी चुकून अंगात गेल्या, तर अंग त्यांना परक्या म्हणून ओळखतं आणि निकालात काढतं. स्वतःच्या पेशी मात्र बशीत बिघडवून परत अंगात गेल्या, तर त्यांना कोण अडवणार? घरचंच माणूस परत आलं म्हणून दार उघडणार. मी म्हटलं, बरोबर आहे. म्हणायला काय जातं.

सोमवार, १० मार्च

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याला सगळे जिराफ म्हणतात. तो उंच आहे एवढंच कारण. मायक्रोस्कोपमध्ये बघताना त्याला घडी घातल्यासारखं वाकावं लागतं. स्वभावानं भित्रा पण मनानं चांगला. त्यानं मला बशीतल्या पेशी हलत्या कशा बघायच्या ते दाखवलं. एका कडेला जंतूच्या वासाचा थेंब सोडायचा आणि बघत बसायचं. पेशी अंग लांबवत, आक्रसत त्या दिशेला निघतात. पहिली पोचलेली मरते आणि मरता मरता इतरांना हाक देते. मग झुंडच.

माझा प्रयोग असा : त्यांना एक द्रावण द्यायचं, ज्यानं त्यांचं मरण लांबतं. सूज काही लोकांत ओसरतच नाही, ती पेशी मरत नाहीत म्हणून का, हे बघायचं. शुक्रवारी जिराफच्या रक्तावर केलं. दुसऱ्या दिवशीही अर्ध्याअधिक जिवंत! मी टेबलावर बुक्की मारली, तर जिराफचा चहा सांडला. बाई म्हणाल्या, नाचू नकोस, दुसऱ्या कुणाच्या रक्तावर करून दाखव, मग नाच.

बुधवार, १२ मार्च

ज्याची पाळी होती त्याला सर्दी. सर्दीवाल्याचं रक्त चालत नाही. दुसरा रजेवर. द्रावण तयार, बशा तयार, आणि रक्त नाही. उद्यापर्यंत द्रावण फुकट गेलं असतं.

काकांना म्हटलं, माझं काढा, जिराफला हवंय. नंतर पिवळी पट्टी काढून सर्दीवाल्याची हिरवी लावली. लपवाछपवी आहे, मान्य. पण नव्या द्रावणासाठी पंधरा दिवस थांबायचं ते एका नियमापायी? मला नाही पटलं.

आणि काय पेशी आहेत माझ्या! जिराफच्या यांच्यापुढे काहीच नाहीत. याच्या आधी कुणाच्याच इतक्या जोरात पळताना पाहिल्या नाहीत. आमच्या घराण्यात सगळेच हट्टी.

संध्याकाळी आवरताना त्याच पेशींवरची काचेची पातळ चकती बोटात फुटली. हातमोजा फाटला, उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला जरासं लागलं. साबणानं धुतलं. एवढ्याशा ओरखड्याचा बोभाटा काय करायचा!

शुक्रवार, १४ मार्च

बोट लाल, गरम, सुजलेलं, ठणकणारं. चारही लक्षणं हजर, पाठ्यपुस्तकात छापावं असं.

बशीतल्या पेशी अजून जिवंत आहेत. एकही मेलेली नाही. आनंदानं उडी मारायला हवी होती, मारली नाही. कारण सगळ्या एका कडेला जमल्यात. तिकडे मी कसलाही थेंब सोडलेला नाही.

बशी फिरवली. चहा पिऊन येईपर्यंत परत माझ्याच बाजूच्या कडेला. वाटलं उजेडाकडे जात असतील, दिवा हलवला. वाटलं टेबल तिरकं असेल, खाली पट्टी सारून सरळ केलं. शेवटी मीच खुर्ची उचलून पलीकडे गेले. त्या तिकडे आल्या. जिराफला माझ्या जागी बसवून मी बाहेर गेले, तर जागच्या हलल्या नाहीत. मी परत आले आणि काचेजवळ नुसता हात धरला. झुंड बोटाच्या बरोबर समोर उभी राहिली. काचेतून वास जात नाही. जायला नको.

जिराफ खुर्ची मागे सारून उभा राहिला. त्यानं विचारलं, हिरवी पट्टी नक्की कुणाची गं? मी म्हटलं, आपलं काम कर.

रविवार, १६ मार्च

बाईंना सांगितलं. सूज मनगटाच्या वर चढल्यावर लपवणार तरी काय. वाटलं होतं फाडून खातील. त्या रागावल्याच नाहीत. नुसत्या खुर्चीत बसल्या आणि हात पुढे कर म्हणाल्या. त्याची जास्त भीती वाटली.

बोटातला पू काचेवर घेऊन दोघींनी पाहिला. जंतू एकही नाही. आणि पू म्हणजे मेलेल्यांचा ढीग, असं मीच वर लिहून ठेवलंय. हा ढीग जिवंत होता. सगळ्या पेशी हलत होत्या.

बाईंचं म्हणणं असं की त्या वाढत नाहीयेत, फितवतायत. हाकेला धावून आलेली प्रत्येक नवी पेशी त्यांना भेटते आणि मरायचं विसरते. औषधं सुरू केलीत. जंतू मारणारी आणि सूज उतरवणारी, दोन्ही प्रकारची देऊन झाली, ताप हलत नाही.

बशी नष्ट करायची ठरलं. मी म्हटलं, मीच करणार. ब्लीच ओतलं. ओतताना उजव्या हातात अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली, पण बाटली सोडली नाही. त्यांना मोठ्यानं सांगितलं की माझ्याच हाडांत जन्मलात, माझंच खाल्लंत, आणि मलाच डोळे दाखवता? शेवटची हलायची थांबेपर्यंत उभी राहिले. जिराफ दारापाशी उभा राहून रडत होता. वेडा.

एक गोष्ट मात्र बाईंना विचारायची राहिली. बशीतल्या पेशींना जखमेचा वास हवा असतो. त्या माझ्याकडे येत होत्या. मग माझ्यात आहेत त्या कुठे जायचं बघतायत?

मंगळवार, १८ मार्च

कळलं. नसतं कळलं तर बरं झालं असतं.

दुपारी अंथरुणावर पडून होते. सूज कोपरापर्यंत. पण हाताच्या सगळ्या बाजूंनी सारखी नाही, एका बाजूला टेकाडासारखी जमलेली. कूस बदलली. सूज सरकली. डोळ्यांदेखत, कातडीखालून, सावकाश, आणि परत त्याच दिशेला जमली. खाटच फिरवली. परत तेच. बशी फिरवल्यावर जे व्हायचं तेच माझ्या हातात होतंय.

ती दिशा आमच्या घराची आहे. ताईची.

बाईंना बोलावून दाखवलं. त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि मग, मला खरं हवंच होतं म्हणून, सांगितलं. माझं अंग आता त्यांना पुरत नाहीये. दुसऱ्या कुणाच्याही अंगात गेल्या तर तिथे घटकाभर टिकणार नाहीत, परक्या म्हणून मारल्या जातील. जगात एकच अंग असं आहे की जे त्यांना घरच्या समजेल. एकाच बीजाच्या दोघी आम्ही. मी विचारलं, त्यांना हे कळतं कसं? बाई म्हणाल्या की हे त्यांच्या कुठल्याच विज्ञानात बसत नाही, आणि तरी ते समोर दिसतंय.

माझ्या हातातून आता सतत पू झिरपतो. आणि ताईच्या बोटांची चाळण झालेली आहे. तिनं मला एकदा पुसलं की संपलं.

मला मरणाची भीती वाटते, का नाही वाटणार? पण ही भीती तिच्यापुढे काहीच नाही. तिला काही झालेलं मी बघू शकणार नाही. हे होऊ देणार नाही मी.

बुधवार, १९ मार्च

ताईला फोन केला. आधी सगळं खरं सांगितलं. ती शांतपणे ऐकून म्हणाली, तुझ्या पेशी म्हणजे माझ्याच की गं, त्यांना मी कशी घाबरू? ताप चढलाय तुला, मी येते.

मग खोटं सांगितलं की मी बरी आहे. विश्वास बसला नाही. मग वाट्टेल ते बोलले. म्हटलं, जन्मभर तुझा चेहरा आरशात बघून कंटाळले, म्हणून इतकी लांब आले, आता तरी पाठ सोड. हे बोलताना मी तोंडावर उशी धरली होती, रडणं ऐकू जाऊ नये म्हणून.

मग ती म्हणाली, पेज तरी खातेस का?

दुकान बंद करून निघतेय. कुणाचं ऐकेल तर ती माझी बहीण कसली.

गुरुवार, २० मार्च

डाव्या हातानं लिहितेय. अक्षर बघून हसू नये.

ती निघाली. मला कुणी सांगायला नको. सूज आता घराच्या दिशेला नाही, हायवेच्या दिशेला आहे, आणि तासातासानं सरकतेय. ती कुठवर आली ते माझा हात मला दाखवतोय.

बाई मोठ्या दवाखान्यात गेल्यात, माझ्यासाठी वेगळी बंद खोली मिळवायला. उद्या गाडी येईल. ताईला उतरल्या उतरल्या थांबवायला जिराफ स्टँडवर जाणार आहे. भित्रा आहे पण म्हणाला, पाय धरीन पण पुढे जाऊ देणार नाही.

सकाळी जाग आली तर मी दारापाशी होते. उजवा हात कडीवर. मी ठेवला नव्हता. बोटं माझी, पण हाक ऐकत नव्हती. डाव्या हातानं एकेक बोट सोडवलं, एकेकाला शिव्या दिल्या.

हात ओढणीनं खाटेच्या दांड्याला बांधला. दातांनी गाठ मारली. खाट ओढत दारापाशी आणली, आडवी लावली. म्हणजे दार आत उघडायचं तर आधी मी.

हात ओढतोय. ओढ म्हणावं.

शुक्रवार, २१ मार्च. सकाळ

लाली खांद्यावरून छातीवर. मान वळत नाही. ताप. भिंती मधूनच जवळ येतात, मी त्यांनाही मागे हो म्हणते.

जिराफचा फोन. सगळ्या बस बघितल्या, ताई दिसली नाही. मला धीर आला, क्षणभर. मग हात दुखायचा थांबला. एकदम. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

खिडकीशी सरकून पाहिलं. फाटकापाशी मी उभी होते. माझंच नाक, माझीच मान, हातात डबा. अलीकडच्या थांब्यावर उतरली असणार.

फाटकावरचे पहारेकरी आजोबा तिला अडवणार होते. बाईंनी त्यांना बजावलं होतं, माझ्या बहिणीला आत सोडू नका. पण त्यांना ती म्हणजे मीच वाटले. सलाम केला त्यांनी. ताई काहीतरी बोलली, आणि आजोबा आत जाऊन माझ्या खोलीची जादा किल्ली घेऊन आले. विसरलात वाटतं, म्हणाले असतील.

कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. बडवायलाही हात मोकळा नाही.

दुपार

कुलूप उघडलं तिनं. कडी आतून आहे. खाट आहे. मी आहे.

दाराबाहेर बसलीय. विचारतेय, बारके, काय झालं गं तुला, मला बघू दे तरी. डबा आणलाय म्हणते. मी म्हटलं, डबा घेऊन मर. रडली. मीही रडले. दोघींचं रडणं पण सारखंच, आत-बाहेर एकच आवाज.

तिला सांगितलं, बाई येतायत, गाडी येतेय, तोवर तू खाली जा. माझी शपथ. म्हणाली, तुझ्या शपथा मी लहानपणापासून मोडत आलेय.

आता दार ढकलतेय. अंगात माझ्याइतकंच बळ.

ओढणी सुटली. दातांची गाठ, तिचा काय भरवसा. उजवा हात कडीकडे— मी त्याच्यावर बसलेय. अक्षरशः बसलेय. खाली माशासारखा तडफडतोय. तडफड. हाड मोडलं तरी चालेल.

काही वेळानं

कडी निघाली. कशी ते नाही सांगता येत. नुसती खाट आणि मी.

खाटेवर पाठ दाराला लावून बसलेय. पाय भिंतीला रोवलेत. खोली लहान, ते बरं झालं.

लाली डाव्या कोपराशी. म्हणजे हा हातही आता— होऊ दे. दोन्ही हात घ्या. पाठ अजून माझी आहे. पाय माझे. जीभ माझी.

गाडीचा आवाज? फाटकापाशी. बाई असतील. ताईला कळलंय, जोर वाढवलाय. पलीकडून सांगतेय की बारके, मी तुला इथून घेऊन जाणार म्हणजे जाणार. ढकल, ताई. ढकल. तुझ्याएवढा हट्ट मलाही आहे, एकाच पोटातून आणलाय. दार बोटभर उघडलं— तिची बोटं फटीत आली, सगळी टोचलेली— पाठीनं परत दाबलं. किंचाळली. माफ कर गं. लागू दे. एवढंच लागू दे तुला.

पेन निसटतंय. हात तिच्या बाजूला वळ— नाही. मी इथून तसूभरही—